सामाईक वायरलेस चॅनेल आणि न्याय्य वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच हवेतून अनेक उपकरणं बोलतात तेव्हा कोणाच्या वाट्याला किती येतं, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे नेटवर्क सांभाळणाऱ्यांचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा वेगळा चॅनेल का देत नाहीत? वाटून घ्यायची वेळच का येते?

वेगळा चॅनेल देता येतो, पण तो बहुतेक वेळ रिकामा पडून राहतो. फोन, लॅपटॉप, कॅमेरा यांपैकी कोणीही सतत बोलत नसतं. क्षणभर भरपूर डेटा जातो, मग बराच वेळ शांतता असते. त्यामुळे हवेचे कायमचे तुकडे पाडण्यापेक्षा सगळ्यांनी एकच मोठा चॅनेल वापरणं परवडतं.

याची पहिली गाजलेली अंमलबजावणी म्हणजे हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने १९७१ मध्ये सुरू केलेलं अलोहा नेटवर्क. त्याचा नियम अगदी साधा होता: पाठवायचं आहे? पाठवा. पोचपावती आली नाही तर कुणाशी तरी टक्कर झाली असं समजा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा पाठवा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा हा कारभार. म्हणूनच त्यात चॅनेलच्या क्षमतेपैकी फार तर १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो. सगळ्यांनी ठरावीक ठोक्यावरच पाठवायला सुरुवात केली तर हा आकडा दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होतो. त्यापुढची पायरी म्हणजे आधी ऐका, मग बोला. आजचं वाय-फाय याच पायरीवर उभं आहे.

२. मध्ये कोणी पंच नाही, तर पुढची पाळी कोणाची हे ठरतं कसं?

नशिबाने, पण नियमात बांधलेल्या नशिबाने. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकापासून मूळ पद्धत बदललेली नाही. ५ गिगाहर्ट्झच्या बँडमधल्या, ५४ मेगाबिटवाल्या जुन्या पद्धतीचे आकडे घेऊन ती जवळून पाहू.

चॅनेल मोकळा झाला की प्रत्येक उपकरण आधी ३४ मायक्रोसेकंद गप्प राहतं. मग ० ते १५ मधला एक आकडा मनाशी धरतं आणि दर ९ मायक्रोसेकंदांच्या स्लॉटला तो एकाने कमी करत जातं. समजा तुमच्या फोनने ४ धरला आणि लॅपटॉपने ७. चार स्लॉट सरले की फोन बोलायला लागतो. लॅपटॉपचा आकडा त्या क्षणी ३ वर असतो आणि तिथेच गोठतो. फोनचं बोलणं संपलं की लॅपटॉप नवा आकडा काढत नाही, उरलेल्या ३ पासूनच पुढे मोजतो. या गोठवण्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, पण या पद्धतीतला अर्धा न्याय तिथे आहे. जो थांबला, त्याचं थांबणं वाया जात नाही.

दोघांचे आकडे एकाच वेळी शून्यावर आले तर टक्कर होते. मग दोघंही पुढच्या वेळी ० ते ३१ मधून आकडा काढतात, पुन्हा टक्कर झाली तर ० ते ६३ मधून, आणि असं करत ० ते १०२३ पर्यंत जातात. फ्रेम (एका पाळीत पाठवलेला डेटाचा गठ्ठा) नीट पोचली की परत ० ते १५.

३. म्हणजे सगळ्यांना समान वाटा मिळतो, बरोबर?

समान मिळते ती संधी. बाकी काही समान असेलच असं नाही. या विषयातले निम्मे वाद इथूनच सुरू होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

‘समान’ म्हणताना आपण तीनपैकी एक काहीतरी मोजत असतो: किती वेळा बोलायला मिळालं, किती डेटा गेला, किंवा किती वेळ हवा आपल्या ताब्यात राहिली. सगळी उपकरणं सारख्याच वेगाची असतील आणि सारख्याच लांबीच्या फ्रेम पाठवत असतील तर तिन्ही उत्तरं एकच येतात आणि वाद उद्भवत नाही. एकाची फ्रेम १५०० बाइटची आणि दुसऱ्याची ३०० बाइटची असेल, तर पाळ्या सारख्या मिळूनही पहिल्याचा डेटा पाचपट जातो. एकाचा वेग कमी असेल तर डेटा सारखा जाऊनही तो हवा कितीतरी जास्त वेळ अडवून ठेवतो.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. वाटायची खरी वस्तू वेळ आहे. कोणाच्या वापरलेल्या बाइटमुळे दुसऱ्याचे बाइट कमी होत नाहीत. कमी होतो तो वेळ, आणि एकाने घेतलेला मिलिसेकंद दुसऱ्याला परत मिळत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांमागे हाच विचार आहे. तो तुम्हाला पटला नाही तरी, कोणत्याही वाटणीला न्याय्य किंवा अन्याय्य म्हणण्याआधी कशाची वाटणी ते एकदा स्पष्ट म्हणा.

४. एक जुनं किंवा लांबचं उपकरण जोडलं की सगळ्यांचंच नेट मंदावतं. हा भास आहे का?

भास नाही. याचा हिशेब कागदावर करता येतो. ११ मेगाबिटवालं जुनं वाय-फाय घ्या. १५०० बाइटची फ्रेम म्हणजे १२,००० बिट. जवळचा लॅपटॉप ती ११ मेगाबिट प्रति सेकंद वेगाने पाठवतो, त्याला सुमारे १.०९ मिलिसेकंद लागतात. लांबच्या खोलीतल्या लॅपटॉपला कमकुवत सिग्नलमुळे १ मेगाबिटवर उतरावं लागलं आहे. त्याच फ्रेमला त्याला १२ मिलिसेकंद लागतात.

पाळ्या सारख्याच. एक फ्रेम याची, एक त्याची. दोन्ही मिळून एक फेरी १३.०९ मिलिसेकंदांची. प्रत्येक फेरीत प्रत्येकाचे १२,००० बिट जातात, म्हणजे प्रत्येकी साधारण ०.९२ मेगाबिट प्रति सेकंद (पोचपावती, थांबण्याचे स्लॉट वगैरे इथे धरलेले नाहीत). जवळचा ११ वरून पार एकाच्याही खाली आला. सुक्याबरोबर ओलंही जळावं तसं. हवेचा ९२ टक्के वेळ लांबच्याने घेतला आणि तरीही त्याचं स्वतःचं काही फार भलं झालं नाही.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हा प्रकार ११ मेगाबिटवाल्या वाय-फायवर दाखवून दिला आणि त्याला कार्यक्षमतेतली विसंगती म्हटलं. उपकरण बिघडलेलं नसतं आणि नियमही कोणी मोडलेला नसतो. ‘समान पाळ्या’ हा नियम काटेकोर पाळल्याचाच हा परिणाम आहे. आजचे वेग कितीतरी जास्त आहेत, पण जवळच्या आणि लांबच्या उपकरणांतली तफावतही तितकीच वाढली आहे, त्यामुळे प्रश्न जुना झालेला नाही.

५. राउटरमध्ये ‘एअरटाइम फेअरनेस’ नावाचा पर्याय दिसतो. तो चालू करावा का?

बहुतेक ठिकाणी करावा. हा पर्याय पाळ्यांऐवजी वेळ वाटतो. वरच्याच उदाहरणात दोघांना अर्धा-अर्धा वेळ दिला तर जवळच्याला ५.५ मेगाबिट आणि लांबच्याला ०.५ मेगाबिट मिळतात. एकूण १.८४ वरून ६ वर जातं. लांबच्याचं नुकसान होतं, ते लपवायचं कारण नाही. पण नीट पाहा: ०.५ मेगाबिट म्हणजे त्याच्यासारख्याच दोन मंद उपकरणांनी चॅनेल वाटून घेतला असता तर त्याला जेवढं मिळालं असतं तेवढंच. आणि ५.५ म्हणजे दोन्ही वेगवान असते तर जवळच्याला मिळालं असतं तेवढं. म्हणजे शेजारी कोण आहे यावर कुणाचं नशीब अवलंबून राहत नाही. मला ही कसोटी फार पटते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. राउटर फक्त स्वतःच्या तोंडून जाणाऱ्या डेटाचा, म्हणजे डाउनलोडचा वेळ वाटू शकतो. उपकरणं वर पाठवताना आपापल्या पाळ्या स्वतःच घेतात, तिथे हा पर्याय थेट काही करत नाही. सतत चित्र वर पाठवणारा मंद कॅमेरा हवा खात असेल तर उपाय त्याचा सिग्नल सुधारणं हाच आहे. दुसरं, ज्या जाळ्यात एखादं लांबचं उपकरण सर्वांत महत्त्वाचं आहे, उदाहरणार्थ रुग्णाजवळचं निरीक्षण यंत्र, तिथे समान वेळ हा निकष चुकीचा ठरू शकतो. तिथे आधी त्याची गरज भागवा आणि उरलेलं वाटा.

६. वाटणी न्याय्य आहे की नाही हे एका आकड्यात सांगता येतं का?

येतं. राज जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेला निर्देशांक सर्वांत जास्त वापरला जातो. सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज करा, तिचा वर्ग करा, आणि त्याला वाटेकऱ्यांची संख्या गुणिले वाट्यांच्या वर्गांची बेरीज याने भागा. चार उपकरणांना १०, १०, १० आणि २ मेगाबिट मिळत असतील तर बेरीज ३२, तिचा वर्ग १०२४. वर्गांची बेरीज ३०४, चारने गुणून १२१६. उत्तर ०.८४. सगळ्यांना समान मिळालं तर उत्तर १ येतं, सगळं एकालाच मिळालं तर वाटेकरी जितके तितक्याने १ ला भागून येणारं, म्हणजे इथे ०.२५.

०.८४ ऐकायला बरं वाटतं, पण त्यात २ मेगाबिटवाल्याचं दुःख दिसत नाही. म्हणून मी निर्देशांकाच्या जोडीने नेहमी सर्वांत कमी वाटा किती आहे तेही पाहतो. आणि निर्देशांकात काय घातलं आहे, बाइट की वेळ, ते न सांगता दिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका (प्रश्न ३).

७. एकाच खोलीत बसून, एकाच कंपनीचा फोन असून मला कमी आणि दुसऱ्याला जास्त का मिळतं?

सिग्नलच्या जोरामुळे. दोन फ्रेमची टक्कर झाली म्हणजे दोन्ही वाया गेल्या, असं पुस्तकात शिकवतात. प्रत्यक्षात एक सिग्नल दुसऱ्यापेक्षा पुरेसा जोरकस असेल तर राउटर तो उलगडतो आणि कमजोर तेवढा हरवतो. मग जोरकस उपकरणाला टक्कर झाल्याचं कळतही नाही, ते परत ० ते १५ मधून आकडा काढतं. कमजोर उपकरण मात्र ० ते ३१ वर ढकललं जातं. बळी तो कान पिळी, हे इथे शब्दशः खरं आहे.

यात भर पडते वेग ठरवण्याच्या पद्धतीची. बरीच उपकरणं फ्रेम हरवली की सिग्नल खराब झाला असं समजून वेग उतरवतात, मग खरं कारण टक्कर असलं तरी. उतरलेल्या वेगाने पुढची फ्रेम लांबते आणि तिचा फटका सगळ्यांना बसतो (प्रश्न ४). फोन हातात वेगळ्या तऱ्हेने धरला तरी अँटेना झाकला जाऊन हा फरक पडू शकतो.

८. कुणी फाइल अपलोड करायला घेतली की आमचे डाउनलोड का बसतात?

कारण पाळी वाटणाऱ्या नियमाच्या दृष्टीने राउटर हाही एक साधा वाटेकरीच आहे. त्याच्या एकट्याच्या खांद्यावर सगळ्यांचे डाउनलोड असतात, हे नियमाला माहीत नसतं.

चार जण अपलोड करत आहेत आणि दुसरे चार जण डाउनलोड. हवेत बोलणारे किती? चार अपलोडवाले आणि एक राउटर, म्हणजे पाच. प्रत्येकाला पाचवा भाग. अपलोड करणाऱ्या प्रत्येकाला २० टक्के पाळ्या मिळतात, आणि राउटरच्या २० टक्क्यांत चौघांचे डाउनलोड भागायचे, म्हणजे प्रत्येकी ५ टक्के. चौपट फरक, आणि कुणाची काही चूक नसताना.

टीसीपीमुळे (गर्दी पाहून डेटा पाठवण्याचा वेग ठरवणाऱ्या इंटरनेटच्या नियमामुळे) तो आणखी रुंदावतो. राउटरची रांग भरली की त्यातली पॅकेटं टाकून दिली जातात. डाउनलोडचं पॅकेट गेलं तर पाठवणारा सर्व्हर गर्दी झाली असं समजून हात आखडता घेतो. अपलोडची फक्त पोचपावती गेली तर फारसं बिघडत नाही, कारण पुढची पोचपावती मागच्या सगळ्यांची भरपाई करते. आखडतं फक्त डाउनलोड.

उपाय आहेत. प्रश्न १२ मधल्या प्राधान्याच्या पद्धतीत राउटरला स्वतःसाठी कमी थांबण्याचे आकडे ठेवता येतात, आणि घरच्या राउटरवर अपलोडला मर्यादा घालणं हा गावठी पण हमखास चालणारा मार्ग आहे.

९. राउटरला दोघंही ऐकू येतात, पण आम्ही एकमेकांना ऐकू येत नाही. मग ‘आधी ऐका’ या नियमाचं काय होतं?

तो निकामी होतो. राउटरच्या दोन बाजूंना, भिंतीआड बसलेली दोन उपकरणं एकमेकांना शांतच समजतात आणि एकाच वेळी बोलतात. याला लपलेलं स्टेशन म्हणतात. फौआद तोबागी आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांनी हा प्रश्न १९७५ मध्येच मांडला होता.

त्यावरचा उपाय म्हणजे आधी एक छोटी विनंती पाठवायची, राउटरने ‘पाठव’ असं उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर ऐकून बाकीच्यांनी तेवढा वेळ गप्प राहायचं. लपलेल्याला विनंती ऐकू गेली नाही तरी राउटरचं उत्तर ऐकू जातं. फ्रेम मोठ्या असतील तर हे फायद्याचं ठरतं. लहान फ्रेमसाठी विनंती आणि उत्तर यांतच वेळ जातो.

न्यायाच्या बाजूने पाहिलं तर जाच असतो तो एकतर्फी लपण्याचा. एकाच्या बोलण्यात सतत व्यत्यय येतो आणि दुसऱ्याचं सुरळीत चालतं. पहिला दर टक्करीनंतर आणखी मागे सरकतो आणि दुसऱ्याला मैदान आणखी मोकळं होतं.

१०. डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोन्ही शेजाऱ्यांचं नेटवर्क नीट चालतं, मधल्या आमचंच बसतं. असं कसं?

हा मला या विषयातला सर्वांत खरा अन्याय वाटतो, कारण इथे सगळे सभ्यपणे वागत असतात. तिन्ही नेटवर्क एकाच चॅनेलवर आहेत. डावं आणि उजवं एकमेकांपासून इतकं लांब की त्यांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही. मधल्याला दोन्ही ऐकू येतात.

मधल्याला बोलायचं तर दोन्ही बाजू एकाच वेळी शांत हव्यात. पण डाव्याची फ्रेम संपेपर्यंत उजव्याची सुरू झालेली असते, उजव्याची संपते तोवर डाव्याची पुढची. त्यांच्यात ताळमेळ नसल्यामुळे दोघांची शांतता क्वचितच जुळते, आणि मधला ३४ मायक्रोसेकंदांच्या एका फटीची वाट पाहत कात्रीत सापडतो. बाहेरचे दोघं भरपूर बोलत असतील तर मधल्याचा वाटा शून्याच्या जवळ जाऊ शकतो. त्याचा आकडा कितीही लहान निघाला तरी उपयोग नाही, कारण तो मोजायलाच मिळत नाही. ताकद वाढवूनही काही साधत नाही, त्याची अडचण ऐकण्याची आहे.

उपाय चॅनेल बदलण्याचा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ यांपैकी जो कमी गजबजलेला असेल तो घ्या. लोक हमखास विचारतात की १ आणि ६ दोन्ही भरलेत, मग ३ घेऊ का? घेऊ नका. चॅनेलांमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २०, त्यामुळे ३ वर बसलात तर १ आणि ६ दोन्हींच्या अंगावर थोडेथोडे पडता. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट चॅनेलवरच्या फ्रेम उलगडता येत नाहीत, नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि गोंगाटासाठी थांबण्याची पातळी बरीच वरची आहे (आकडे प्रश्न १६ मध्ये). पूर्ण एकाच चॅनेलवर असाल तर निदान एकमेकांसाठी थांबता तरी.

११. शेजारी एकच आहे आणि चॅनेलही एकच. मग निम्मं-निम्मं मिळतं का?

नाही. नियम घरं मोजत नाही, बोलणारे मोजतो. तुमचा एक राउटर आणि त्यांचे तीन रिपीटर (सिग्नल ऐकून पुन्हा पुढे पाठवणारी उपकरणं) असतील तर त्या क्षणी जितके बोलू पाहतात तितके वाटे पडतात. एकाच घरात रिपीटर वाढवत गेल्याने शेजाऱ्याचा वाटा घटतो. शिवाय तीच फ्रेम दोनदा हवेत जाते, त्यामुळे स्वतःचंही नुकसान होतं. तारेने जोडता येत असेल तर जोडा.

१२. व्हिडिओ कॉलला प्राधान्य देणं हा बाकीच्यांवर अन्याय नाही का?

सगळ्यांची गरज एकसारखी नसते, म्हणून मला तो अन्याय वाटत नाही, मर्यादेत असेपर्यंत. आवाजाचं पॅकेट लहान असतं, साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी एक निघतं, आणि उशिरा पोचलं तर फेकूनच द्यावं लागतं. फाइलच्या पॅकेटला थोडा उशीर चालतो.

वाय-फाय मानकाच्या २००५ च्या सुधारणेने चार रांगा आणल्या: आवाज, व्हिडिओ, सर्वसाधारण आणि पडद्यामागचं काम. आवाजाची रांग ३४ मायक्रोसेकंद थांबून ० ते ३ मधून आकडा काढते. सर्वसाधारण रांग ४३ मायक्रोसेकंद थांबून ० ते १५ मधून. म्हणजे आवाजाला पहिल्या खेपेला जास्तीत जास्त ६१ मायक्रोसेकंद थांबावं लागतं, सर्वसाधारणला सरासरी ११० च्या आसपास. एकदा पाळी मिळाली की किती वेळ बोलायचं यावरही रांगेनुसार बंधन असतं, आणि हे बंधन म्हणजे वेळ वाटण्याकडे टाकलेलं एक पाऊलच होतं.

अडचण गर्दीत येते. ० ते ३ म्हणजे फक्त चार आकडे. दहा उपकरणं आवाजाच्या रांगेत उभी राहिली तर सारख्या आकड्यांवर सारख्या टकरी होतात, कारण ही रांग ० ते ७ च्या पुढे पसरतच नाही. म्हणून ‘सगळंच महत्त्वाचं’ अशी खूण करणारे ॲप कोणाचंच भलं करत नाहीत.

१३. दिवसभराची सरासरी उत्तम आहे, तरी कॉल अडखळतो. मग बिघाड कुठे?

सरासरीतच. एका तासात दोघांना निम्मा-निम्मा वेळ मिळाला, पण आधी अर्धा तास याला आणि मग अर्धा तास त्याला, तर सरासरी बिनचूक आणि अनुभव असह्य. न्याय किती लांबीच्या खिडकीतून पाहता त्यावर उत्तर बदलतं. आवाजासाठी ती खिडकी दहा-वीस मिलिसेकंदांची असायला हवी. प्रश्न ४ मधल्या मंद उपकरणाच्या दोनच फ्रेम लागोपाठ गेल्या तर २४ मिलिसेकंद होतात, म्हणजे कॉलच्या पॅकेटची वेळ टळली.

टक्करीनंतर मागे हटण्याच्या पद्धतीतही हा दोष मुरलेला आहे: जिंकलेला लहान आकड्यांतून काढतो, हरलेला मोठ्या. पुढच्या फेरीतही जिंकलेल्याचंच पारडं जड. १९९४ मधल्या ‘मकाव’ नावाच्या प्रस्तावात यावर विचार केला होता. हरल्यावर आकड्यांची मर्यादा दुप्पट न करता दीडपट करायची, जिंकल्यावर एकदम तळाला न आणता एकेक पायरी उतरवायची, आणि फ्रेमसोबत आपली मर्यादा कळवायची म्हणजे ऐकणारे सगळे तीच धरतील. वाय-फायने हे स्वीकारलं नाही, आकडा गोठवण्यावर भागवलं (प्रश्न २).

१४. एखाद्या उपकरणाने मुद्दाम लहान आकडे काढले तर? पकडता येतं का?

येतं, पण लगेच नाही. इतरांनी ० ते १५ मधून काढायचं आणि एकाने गुपचूप ० ते ३ मधून, तर तो सतत पुढे जातो. दोन-चार वेळा लहान आकडा निघणं हे नशीबही असू शकतं, म्हणून राउटरला बरीच निरीक्षणं साठवून मगच संशय घ्यावा लागतो. २००३ मध्ये एक सुबक कल्पना मांडली गेली: आकडा पाठवणाऱ्याने काढायचाच नाही, ऐकणाऱ्याने तो नेमून द्यायचा, म्हणजे फसवणूक लगेच उघडी पडते.

सगळ्यांनीच फसवायचं ठरवलं तर सारखी टक्कर होऊन कोणाचंच काही जात नाही. आणि माझ्या मते संशय घेण्याआधी ड्रायव्हरमधली (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) चूक तपासावी. नियमाबाहेरचं वागणं हेतूशिवायही होतं.

१५. वाय-फाय ६ मध्ये राउटरच पाळ्या ठरवतो म्हणतात. मग हे सगळे प्रश्न मिटले का?

काही मिटले. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या या मानकात राउटर चॅनेलचे लहान तुकडे करून एकाच वेळी अनेकांना देऊ शकतो, २० मेगाहर्ट्झमध्ये जास्तीत जास्त नऊ जणांना. अपलोडसाठीही तो ‘तू या तुकड्यावर, तू त्या’ असं सांगतो. त्यामुळे प्रश्न ५ मधली अपलोडची उणीव भरून निघू शकते.

पण यातून एक नवाच पेच आला. राउटरने नेमून दिलेला वाटा घ्यायचा, आणि शिवाय नेहमीच्या शर्यतीतही उतरायचं, असं नव्या उपकरणाने केलं तर त्याला दोन्हीकडून मिळतं आणि जुन्या उपकरणांना फक्त शर्यत उरते. म्हणून मानकात तरतूद आहे: नेमून दिलेला वाटा मिळाल्यावर ठरावीक काळ शर्यतीत मागे राहायचं किंवा उतरायचंच नाही. हे आकडे राउटर ठरवतो. आणि राउटरचं राज्य स्वतःच्या नेटवर्कपुरतंच, शेजाऱ्यासाठी प्रश्न १० तसाच राहतो.

१६. मोबाइल नेटवर्क वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडमध्ये येतं तेव्हा वाटणी कशी होते?

२०१६ च्या सुमारास दोन मार्ग पुढे आले. एकात मोबाइलचं केंद्र ठरावीक काळ चालू आणि ठरावीक काळ बंद राहायचं. दुसऱ्यात ते वाय-फायसारखं आधी ऐकायचं. दुसऱ्याची न्यायाची व्याख्या मला आवडते: शेजारी आणखी एक वाय-फाय आलं असतं तर जेवढा त्रास झाला असता, त्याहून जास्त मोबाइलमुळे होता कामा नये.

घोडं अडतं ऐकण्याच्या पातळीवर. वाय-फाय दुसऱ्या वाय-फायची फ्रेम उणे ८२ डीबीएमलाही (हे सिग्नलच्या जोराचं माप, त्यात दर १० ला जोर दहापट बदलतो) ओळखून थांबतं, पण अनोळखी गोंगाटासाठी उणे ६२ पर्यंत थांबत नाही. हा फरक शंभरपट आहे. मोबाइलसाठी उणे ७२ ठरवलं गेलं. त्यामुळे मधल्या पट्ट्यातल्या सिग्नलला कोण थांबणार आणि कोण रेटून बोलणार, हे दोन्हीकडून सारखं नसतं.

मोबाइलच्या स्वतःच्या बँडमध्ये मात्र केंद्रच सगळं ठरवतं. तिथे प्रमाणबद्ध न्याय चालतो: आत्ता मिळू शकणारा वेग भागिले आतापर्यंतची सरासरी, ज्याचं उत्तर मोठं त्याची पाळी. एकाचा आत्ताचा वेग ६ आणि सरासरी ३, उत्तर २. दुसऱ्याचा आत्ता १.५ आणि सरासरी ०.५, उत्तर ३. पाळी दुसऱ्याची, जरी त्याचा वेग चौथाई असला तरी. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या चांगल्या क्षणी बोलावलं जातं.

१७. लोरासारख्या मंद सेन्सर नेटवर्कमध्ये ऐकणंही नसतं. तिथे न्याय कशाच्या जोरावर?

कायद्याच्या. युरोपच्या ८६८ मेगाहर्ट्झ बँडच्या बऱ्याच भागात एका उपकरणाने १ टक्क्याहून जास्त वेळ बोलायचं नाही, म्हणजे तासाला ३६ सेकंद. इथे थेट वेळच वाटला आहे, आणि बाकी कारभार बराचसा प्रश्न १ मधल्या अलोहासारखा.

लांबच्या सेन्सरला इथेही किंमत मोजावी लागते. १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर सर्वांत वेगवान नेहमीच्या पातळीला एक चिन्ह (हवेतून जाणारा निरोपाचा सर्वांत लहान तुकडा) १.०२४ मिलिसेकंदांचं असतं, सर्वांत मंदला ३२.७६८ चं. तेच ३६ सेकंद, पण लांबच्याचे निरोप त्यात फारच थोडे बसतात, आणि प्रत्येक निरोप हवेत जास्त वेळ राहत असल्याने टक्करीत सापडण्याची शक्यताही त्याचीच जास्त. अशा जाळ्यात मी आणखी एक गेटवे (सेन्सरांचे निरोप झेलणारं केंद्र) लांबच्या टोकाला बसवण्याचा आग्रह धरतो. तिथला सेन्सर दोन पायऱ्या जरी वर आला तरी त्याचं चिन्ह चौथाई लांबीचं होतं.